कास्तकाराच्या उतारवयाची तजवीज

सरकारी नोकरास निवृत्तीची तारीख असते. नोकरी लागल्या दिवशीच ती ठरलेली असते, आणि तो दिवस आला की हारतुरे होऊन त्याचे दप्तर दुसऱ्याच्या हाती जाते. कास्तकाराची गोष्ट निराळी. ज्या पावसाळ्यात चिखलातून उचललेला पाय पुन्हा नीट पडेनासा होतो, ज्या वर्षी पऱ्ह्यांतले तण डोळ्यांस वेगळे दिसेनासे होते, ते त्याच्या निवृत्तीचे वर्ष. ही तारीख त्यास कोणी आगाऊ कळवीत नाही, आणि ती येऊन ठेपल्यावर तजवीज करावयास वेळही उरत नाही. सबब अंगात बळ आहे तोवरच ही तजवीज कशी करावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विचार हवेतला होऊ नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे ते गाव. मुलूख धानाचा, तळ्या-बोड्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या लहान लहान बांध्या, आणि दोन-चार एकरांचे धनी असलेले कास्तकार. अशा घरी पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा दिसतो. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. एकोडीस जे लागू पडते तेच लाखांदूर, पवनी, तुमसर वा पलीकडे गोंदिया जिल्ह्यातील कास्तकारासही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

जुनी तजवीज का पुरत नाही

आमच्या वाडवडिलांनी म्हातारपणाचा विचार केला नव्हता असे कोणी समजू नये. त्यांची तजवीज तीन खांबांवर उभी होती : जमीन, मुलगा आणि ढोलीतले धान. बाप थकला की मुलगा नांगर धरी, सून ताट वाढी, आणि वैद्यास वा सुइणीस देणे ते पायलीने देता येई. ही व्यवस्था पुष्कळ पिढ्या चालली, आणि ती वाईट होती असे आमचे म्हणणे नाही.

पण तिन्ही खांब आता खिळखिळे झाले आहेत. वाटण्या होत होत जमीन एका घराच्या पोटापुरतीही उरलेली नाही. मुलगा नागपूर, पुणे किंवा त्याहून दूर कामास जातो. त्याची माया आटली असे नव्हे, पण त्याचे हात घरी नाहीत. आणि म्हातारपणाचा खर्च आता धानात होत नाही, रोख पैशात होतो. रक्तदाबाची गोळी, डोळ्याचा चष्मा, नागपूरच्या इस्पितळापर्यंतचे भाडे, यांपैकी काहीही ढोलीतून मापून देता येत नाही. त्यातच माणूस पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगू लागला. साठीनंतरची पंधरा-वीस वर्षे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही; परंतु एवढ्या वर्षांची शिदोरी फारच थोड्या घरी बांधलेली असते.

उपाय नाहीत असे मात्र नाही. पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की प्रत्येक उपायास त्याचे वय ठरलेले आहे. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे असतानाच रोवावे. ते बांधावर राहून वाढले तर पुढे कितीही खत घाला, फुटवे यावे तसे येत नाहीत, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. या योजनांचेही तसेच आहे. कोणाचे दार चाळिशीस बंद होते, कोणाचे साठीस उघडते, कोणाचे पासष्टीस, तर कोणाचे सत्तरीस.

चाळिशीच्या आत

प्रधानमंत्री किसान मानधन योजना १२ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, अठरा ते चाळीस वर्षे वयाच्या अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी ती आहे. जो अठराव्या वर्षी सामील होईल त्याने दरमहा ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी होईल त्याने १०० रुपये आणि चाळिसाव्या वर्षी होईल त्याने २०० रुपये, असे साठीपर्यंत भरावयाचे. जेवढे कास्तकार भरतो तेवढेच केंद्र सरकार त्याच्या नावे भरते. साठीनंतर दरमहा ३००० रुपये मिळतात, आणि त्याच्या पश्चात पत्नीस अथवा पतीस त्याचे निम्मे.

हिशेब करून पाहू. एकोणतिसाव्या वर्षी सामील झालेला कास्तकार एकतीस वर्षांत ३७,२०० रुपये भरील. चाळिसाव्या वर्षी सामील झालेला वीस वर्षांत ४८,००० भरील. महिना तीन हजार मिळू लागल्यावर पहिल्याचे पैसे साडेबारा महिन्यांत वसूल होतात आणि दुसऱ्याचे सोळा महिन्यांत. पीएम-किसानचा हप्ता ज्यास मिळतो त्यास ही वर्गणी त्या हप्त्यातूनच वळती करून घेता येते. घरातून पैसा काढावा लागत नाही, म्हणून ती थकतही नाही.

तथापि या योजनेच्या दोन उणिवा वाचकांपासून लपविणे बरे नव्हे. पहिली अशी की, तीन हजार हा आकडा कायमचा आहे. महागाईबरोबर तो वाढत नाही. महागाई वर्षाला शेकडा सहा धरली, तर रुपयाची किंमत बारा वर्षांत निम्मी होते. आजच्या एकोणतीस वर्षांच्या तरुणास साठीला मिळणारे तीन हजार आजच्या पाचशे रुपयांइतकेच काम करतील. दुसरी अशी की, नवरा-बायको दोघेही गेल्यावर साठलेली रक्कम मुलाबाळांस मिळत नाही, योजनेच्या निधीत जाते. म्हणून ही योजना म्हणजे म्हातारपणाची भाकर नव्हे, भाकरीवरचे मीठ आहे. पण एवढ्या स्वस्तात मिळणारे मीठ टाकून देणारा शहाणा म्हणता येणार नाही.

आणखी एक अट आहे. १ ऑगस्ट २०१९ रोजी ज्याचे नाव जमिनीच्या अभिलेखात होते त्यासच ही योजना खुली आहे. ज्याची जमीन त्या दिवशी बापाच्या नावावर होती त्याने निराश होऊ नये. त्याच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे; ती ९ मे २०१५ रोजी सुरू झाली, आणि तीस जमिनीची अट नाही. वय तेच, अठरा ते चाळीस. मात्र आयकर भरणारास १ ऑक्टोबर २०२२ पासून तीत नव्याने प्रवेश नाही. साठीनंतर दरमहा एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, आपण निवडू ती रक्कम मिळते. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी सामील होणाराने महिना २१० रुपये भरावयाचे, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १४५४. उशिराची किंमत काय पडते, हे या तीन आकड्यांत स्वच्छ दिसते. या योजनेत पाठीमागे पत्नीस तेवढेच वेतन चालू राहते, आणि दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम नेमलेल्या वारसास मिळते. पाच हजारांच्या वेतनास ती साडेआठ लाख रुपये आहे.

चाळीस उलटल्यावर

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची चाळिशी कधीच उलटली असेल. त्यांनी काय करावे? आमचे उत्तर जुनेच आहे : धान विकल्या दिवशीच बाजूला काढावे. उरलेल्यातून शिल्लक टाकू म्हणणाराजवळ काही उरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. ज्याप्रमाणे बियाण्याचे धान खाण्याच्या धानात मिसळीत नाहीत, त्याप्रमाणे म्हातारपणाचे धानही आधीच वेगळे मोजावे.

समजा, एका कास्तकाराने दर वर्षी दोन क्विंटल धान या नावाने वेगळे धरले. २०२५-२६ च्या हंगामास साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलास २३६९ रुपये होती. म्हणजे वर्षास ४७३८ रुपये झाले. हेच दर वर्षी शेकडा सात व्याजाने ठेवीत गेल्यास पंधरा वर्षांत सुमारे १ लाख १९ हजार होतात, आणि वीस वर्षांत सुमारे १ लाख ९४ हजार. पहिल्या पंधरा वर्षांत जेवढे व्याज साठते, त्याहून अधिक भर पुढील पाच वर्षांतच पडते. सावकाराच्या घरी जे व्याज आमच्या विरुद्ध वाढत आले, तेच व्याज येथे आमच्या बाजूने वाढते.

हा पैसा ठेवावा कोठे? टपाल कचेरी व राष्ट्रीयीकृत बँक ही आमच्या मते पहिली ठिकाणे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, ज्यास लोक पीपीएफ म्हणतात, तो पंधरा वर्षांचा असून वर्षास पाचशे रुपयांनीही चालू राहतो. मध्ये सहज मोडता येत नाही, हा त्याचा दोष नसून गुण होय. पुढे वयाची साठ वर्षे पूर्ण झाली म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेव ठेवता येते. मुदत पाच वर्षांची, आणखी वाढविता येणारी. व्याज दर तीन महिन्यांनी हाती पडते. शेकडा ८.२ दर धरल्यास एक लाखाच्या ठेवीवर तिमाहीस २०५० रुपये येतात. मूळ रक्कम शाबूत राहते आणि औषधाचा खर्च व्याजात भागतो, हे तिचे मर्म.

येथे एक सावधगिरीची सूचना. बँकेतील ठेवींस, सहकारी बँक धरून, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींस असा विमा नाही. आम्ही सहकाराचे शत्रू नव्हे. सहकारावाचून लहान कास्तकारास गती नाही असेच आमचे मत आहे. परंतु म्हातारपणाची सारी पुंजी एक-दोन टक्के अधिक व्याजाच्या लोभाने अशा ठिकाणी ठेवू नये, की जेथे संस्था बुडाली तर पुन्हा मिळविण्याचे वय आपल्यापाशी उरलेले नसेल. तरुणाचा पैसा बुडाला तर तो पुन्हा रोवणी करील. सत्तरीच्या माणसाचा बुडाला तर बुडालाच.

औषधपाण्याची सोय

म्हाताऱ्या माणसाचे दुखणे दोन प्रकारचे असते, आणि दोहोंच्या वाटा भिन्न आहेत. एक रोजचे दुखणे : रक्तदाब, मधुमेह, गुडघे, डोळे. दुसरे एकाएकी येणारे : हृदयविकार, अर्धांगवायू, मोडलेले खुब्याचे हाड. पहिल्यासाठी दवाखाना जवळ पाहिजे. दुसऱ्यासाठी कागद तयार पाहिजेत.

रोजच्या दुखण्यासाठी एकोडीच्या माणसास गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे साकोलीस उपजिल्हा रुग्णालय, आणि त्यापुढे सुमारे चाळीस किलोमीटरांवर भंडाऱ्यास जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या सर्व रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. रक्तदाब व मधुमेह हे न दुखणारे रोग आहेत, आणि त्यातच त्यांचा घातकपणा. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणारा माणूस पुढे अर्धांगाने खाटेवर पडतो, आणि मग एका माणसाच्या दुखण्यात दोन माणसांची मजुरी बुडते. महिन्याच्या ठरल्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा व महिन्याची गोळी घेऊन यावे, याहून स्वस्त विमा दुसरा नाही.

मोतीबिंदूविषयी अजून काही घरी ‘पिकू द्या, मग काढू’ असे म्हणतात. ते आता खरे नाही. दिसणे अडू लागले की डॉक्टरांस दाखवावे. शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असते आणि सरकारी सोयीने विनामूल्य होते. आंधळेपणाने धुऱ्यावरून पडून मोडलेले हाड हे मात्र थोड्या वेळाचे काम राहत नाही.

आमच्या भागाचा म्हणून एक रोग आहे, त्याचा निराळा उल्लेख केला पाहिजे. तो हत्तीरोग. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत तो पूर्वापार आहे. घाणेरड्या साचल्या पाण्यातला डास तो पसरवितो. जंतू अंगात शिरल्यापासून पाय सुजेपर्यंत कित्येक वर्षे जातात, म्हणून तरुणपणी लागलेला रोग उतारवयात दिसतो. आरोग्य खात्याचे लोक सामुदायिक औषधोपचाराच्या वेळी घरी येऊन गोळ्या देतात. त्या समोर खाव्या, उशाखाली ठेवू नयेत. ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांनी पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, जखम वा चीर असल्यास मलम लावावे. पाय उंचावर ठेवून निजावे. सूज साफ उतरत नाही, परंतु वारंवार येणारा ताप व ठणका पुष्कळ कमी होतो. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे. लाजेपायी वर्षानुवर्षे ते ओझे वाहणारे आमचे बंधू थोडे नाहीत; त्यांनी ती लाज सोडावी.

आता मोठ्या दुखण्याकडे वळू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना या दोन्ही महाराष्ट्रात एकत्र चालतात. पूर्वी राज्याच्या योजनेत ठराविक शिधापत्रिकांनाच स्थान होते व मर्यादा दीड लाखांची होती. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ती सर्व कुटुंबांस खुली होऊन मर्यादा वर्षास पाच लाख झाली, आणि १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. त्याशिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. ज्याचे कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत आहे, त्याच्या सत्तरीच्या माणसांस आणखी पाच लाख निराळे आहेत. म्हातारीच्या शस्त्रक्रियेत नातवाच्या वाट्याचे पैसे संपतील ही भीती आता नको.

तथापि कार्ड म्हणजे पैशाची थैली नव्हे. ते यादीतल्या रुग्णालयातच चालते, आणि दाखल होऊन घ्यावयाच्या ठरीव उपचारांसच चालते. वाटेल त्या खासगी दवाखान्यात जाऊन मागाहून बिल मागता येत नाही. म्हणून दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्रास भेटावे, हा नियम घरातल्या प्रत्येकास पाठ असावा. तसेच रोजच्या गोळ्या, सोबत्याचे जेवण, त्याची बुडालेली मजुरी व परतीचे भाडे यांतले फारच थोडे योजनेतून निघते. याकरिता प्रत्येक घरी पाच-दहा हजारांची एक रक्कम ‘दवाखान्याची’ म्हणून बँकेत निराळी असावी आणि तिला लग्नासाठी वा बियाण्यासाठीही हात लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट : कार्ड दुखणे येण्यापूर्वी काढावे. आधारावरील जन्मसाल चुकलेले, बोटांचे ठसे कष्टाने झिजून यंत्रावर न उमटणारे, शिधापत्रिकेवर नाव निराळे, अशा अडचणी आमच्या वृद्धांस हटकून येतात. त्या निस्तरावयास आठवडे लागतात. रुग्ण खाटेवर घालून ते काम होत नाही.

सातबारा शेवटपर्यंत आपला

येथवर जे सांगितले ते पैशाने व कागदाने भागणारे होते. यापुढे जे सांगावयाचे ते नाजूक आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे.

मुलगा करता झाला की बाप त्याच्या नावे जमीन करून देतो. आपल्या माणसास द्यावयाची म्हणून बक्षीसपत्र नाममात्र मुद्रांकात होते. त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात. बहुतेक मुले आईबापांस पुढेही नीट सांभाळतात, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण काही घरी त्या दिवसानंतर म्हाताऱ्याचे ताट ओसरीवर येते, आणि काही घरी ते येतही नाही. दोष नेहमी मुलाच्याच मनाचा असतो असे नाही. कर्ज असते, आजार असतो, कधी मुलगाच आधी जातो आणि जमीन तिसऱ्याच्या हाती पडते. बापाजवळ मात्र उरतात ते रिकामे हात.

या बाबतीत परदेशच्या कास्तकारांची रीत पाहण्याजोगी आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आदी देशांत बाप मुलास शेत सोपविताना लेखी करार करीत असे. त्यात म्हाताऱ्यांची राहण्याची खोली कोणती, वर्षास धान्य किती, दूध किती, जळण किती, हे सारे लिहिलेले असे. त्यात कोणी प्रेमाचा अपमान मानला नाही. उलट, लिहून ठेवल्याने रोजचे भांडण टळते असेच त्यांस वाटले. १९५७ साली पश्चिम जर्मनीने शेतकऱ्यांस वृद्धवेतन सुरू केले, तेव्हा शेत पुढच्या पिढीस सोपविण्याची अट त्यास घातली होती. ती २०१८ मध्ये रद्द झाली. शेत द्यावे, पण बदल्यात जगण्याची हमी घेऊनच द्यावे, हा त्यातला विचार.

आमच्याकडेही कायद्याने ही वाट केलेली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाराने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. मात्र अट असावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले, की सांभाळाची अट नसेल तर या कलमाचा लाभ मिळत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा, आणि न्यायाधिकरणास ताबाही परत देवविता येतो. आमच्या वाचकांनी यातून एवढेच घ्यावे : तोंडी वचनावर विसंबू नये, सांभाळाची अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी.

याहूनही बरी वाट म्हणजे जिवंतपणी जमीन न देता मृत्युपत्र करणे. त्यास मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार लागतात. आणि मन बदलल्यास ते बदलता येते. मात्र मृत्युपत्र आपल्या वाट्याचेच करता येते, सगळ्या वडिलोपार्जित मिळकतीचे नव्हे. वाटणी करणे भागच पडले, तर म्हाताऱ्या-म्हातारीच्या नावे पाण्याजवळची एक चांगली बांधी शेवटपर्यंत ठेवावी. ती मुलाने वाहावी, पण तिचे धान म्हाताऱ्यांचे. त्या एका बांधीने ताटाची जागा ओसरीवर जात नाही.

ज्यांची वेळ टळून गेली आहे त्यांसही मार्ग आहे. मुले सांभाळीत नसल्यास साकोलीस उपविभागीय अधिकाऱ्यापुढील निर्वाह न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. वकील लागत नाही, आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्चाचा हुकूम होऊ शकतो. मुलावर अर्ज करणे कोणास गोड वाटेल? पण उपाशी राहून घराची अब्रू राखली जात नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या भगिनींविषयी दोन शब्द. रोवणीत दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभी राहते ती बाई, आणि सातबाऱ्यावर नाव असते ते पुरुषाचे. नवऱ्याच्या पश्चात विधवेस मुलामुलींच्या बरोबरीने वाटा आहे; पण तो नोंदविला जाईपर्यंत तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. नवऱ्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेच्या १९९२ च्या शासननिर्णयाने झाली आहे. घरोघरी बहुधा नवरा आधी जातो आणि बायको मागे राहते. तेव्हा म्हातारपणाची तजवीज म्हणजे बहुतांशी बायकोच्या म्हातारपणाची तजवीज होय, हे पुरुषांनी ध्यानात धरावे.

ज्यांच्याजवळ काहीच नाही

गावात बांधी नसलेले, दुसऱ्याच्या धानात मजुरी करणारेही आहेत; त्यांचा विचार न करता हा लेख संपविणे योग्य नाही. चाळिशीच्या आतील मजुरास अटल योजनेखेरीज प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. ती २०१९ पासून असून वर्गणी व वेतन किसान मानधनाप्रमाणेच. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांस श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन मिळते. जुलै २०२३ मध्ये ते दरमहा एक हजारावरून दीड हजार झाले. अर्ज तहसील कचेरीत करावा लागतो, आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसा थांबतो. २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, पासष्टी ओलांडलेल्या व कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या वृद्धांस चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसारख्या वस्तूंसाठी एकवेळ तीन हजार रुपये देण्याची तरतूद झाली. रकमा लहान आहेत हे खरे. पण ज्यास ऐकू येत नाही त्यास ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे.

शेवटी आमच्या सभासदांस एक विनंती आहे. धान चुरून झाले आणि मंडईचे दिवस आले, म्हणजे बाहेरगावी गेलेली मुले घरी येतात. त्या दिवसांत प्रत्येक घराने एक संध्याकाळ या कामास द्यावी. घरातील प्रत्येकाचे वय एका कागदावर लिहावे. चाळिशीच्या आतला कोण, त्याचे खाते उघडले काय? साठी कोणाची झाली? पासष्टी कोणाची, अर्ज केला काय? सत्तरी कोणाची, कार्ड काढले काय? सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, आणि म्हातारीचे आहे काय? आणि ज्यास लिहितावाचता येते त्या तरुणाने आपल्या घराचे झाल्यावर शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याचा कागदही भरून द्यावा.

पाऊस केव्हा येईल हे आपल्या हाती नाही, तरी पऱ्हे आपण वेळेवर टाकतोच. म्हातारपण तर येणारच, हे नक्की ठाऊक आहे. त्याचे पऱ्हे टाकण्यास उशीर का करावा?